लॉजिस्टिक्समध्ये आयटीचा उपयोग नेमका काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉजिस्टिक्समध्ये नवीन आलेले, सॉफ्टवेअर विकणारे आणि "आमच्याकडे गाड्या आहेत, आम्हाला काय करायचाय कॉम्प्युटर" म्हणणारे, तिघंही फिरून फिरून हेच विचारतात, म्हणून एकत्र लिहून टाकलंय. पाहिजे तो प्रश्न उघडा, क्रमाने वाचायलाच पाहिजे असं नाही.

माल तर गाडीच नेते, मग यात आयटीचं काम काय?

बरोबर आहे, सॉफ्टवेअर घेतलं म्हणून गाडी काही जोरात पळत नाही. पण माल उभा किती राहतो ते कधी बघितलंय का? फॅक्टरीत इन्व्हॉइस निघालं नाही म्हणून उभा, डॉक, म्हणजे गाडी लावून माल चढवायची-उतरवायची जागा, मोकळा नाही म्हणून उभा, बंदराच्या गेटवर नंबर जुळत नाही म्हणून उभा. आणि या उभं राहण्यातलं बरंचसं असं असतं की कुणाला तरी काहीतरी आधीच माहीत होतं, फक्त ते पुढच्याला सांगितलं नव्हतं.

साधा एक्स्पोर्टचा कंटेनर घ्या. पाठवणारी कंपनी, तिच्या वतीने वाहतुकीची सगळी व्यवस्था करणारा फ्रेट फॉरवर्डर, गाडीवाला, कस्टम्स ब्रोकर, टर्मिनल, शिपिंग लाइन, पलीकडच्या बंदरातला एजंट, तिकडचा गाडीवाला, वेअरहाऊस, माल घेणारा, शिवाय बँक आणि विमावाले. प्रत्येकाची सिस्टीम वेगळी, प्रत्येकाचा रेफरन्स नंबर वेगळा, आणि गंमत म्हणजे यातला कुणीच दुसऱ्याचा साहेब नाही, त्यामुळे ओरडून काम होत नाही. मग उरतं काय, तर एखादी गोष्ट घडली की ती सगळ्यांना एकाच वेळी आणि एकाच अर्थाने कळणं. लॉजिस्टिक्समधल्या आयटीचं मूळ काम एवढंच आहे, बाकी ट्रॅकिंग, ऑप्टिमायझेशन, एआय वगैरे सगळे मजले त्याच्यावर चढवलेले आहेत.

एक उदाहरण बघा. १ जुलै २०१६ पासून समुद्री सुरक्षेच्या सोलास नियमाप्रमाणे, भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन, ज्याला सगळे व्हीजीएम म्हणतात, ते आधी कळवल्याशिवाय डबा जहाजावर चढवत नाहीत. म्हणजे माल तयार, जागा बुक, डबा यार्डात पोचलेला, आणि एक आकडा वेळेत गेला नाही म्हणून जहाज तुम्हाला सोडून निघून जातं. माल आणि माहिती दोन्ही वेळेत पोचायला लागतात, एक पोचून भागत नाही.

टीएमएस, डब्ल्यूएमएस, ईआरपी हे सगळं एकच का?

नाही. ईआरपी कंपनीचा हिशोब आणि ऑर्डरी सांभाळतं. डब्ल्यूएमएस गोडाऊनच्या चार भिंतींच्या आत काय कुठल्या रॅकवर आहे ते सांभाळतं. टीएमएस भिंतींच्या बाहेरचं, म्हणजे कुठली गाडी, कुठला ट्रान्सपोर्टर, काय रेट, कधी निघाली, कधी पोचली. यार्ड मोठं असेल तर गेट आणि डॉक यांच्यामधल्या गाड्यांसाठी वायएमएस वेगळं असतं. घोळ या सिस्टीमच्या आत क्वचित होतो, घोळ होतो तो यांच्या सांध्यावर. ईआरपीमध्ये ऑर्डर बदलली आणि डब्ल्यूएमएसला ती रात्रीच्या अपडेटमध्ये कळणार असेल तर संध्याकाळी जो माल पॅक झाला तो चुकीचाच पॅक झाला, आणि दोन्ही सिस्टीमवाले छातीठोक सांगणार की आमच्याकडे सगळं ओके दाखवतंय.

थ्रीपीएल आणि फोरपीएल यात आयटीच्या दृष्टीने फरक काय?

दोन्ही म्हणजे बाहेरून लॉजिस्टिक्सची सेवा देणारे प्रोव्हायडर. थ्रीपीएल तुमचा माल प्रत्यक्ष हाताळतो, गाड्या गोडाऊन त्याचे किंवा त्याने भाड्याने घेतलेले. फोरपीएल बहुतेक वेळा बाकीच्या प्रोव्हायडरांना एकत्र बांधून चालवतो, स्वतःच्या गाड्या असतीलच असं नाही. त्यामुळे फोरपीएलकडे विकायला मुख्य माल म्हणजे माहितीच, त्याची सिस्टीम कच्ची असेल तर तो फक्त मधला दलाल झाला.

ईडीआय म्हणजे काय आणि ते जुनाट झालंय असं म्हणतात ते खरं का?

ईडीआय म्हणजे एका कंपनीच्या कॉम्प्युटरने दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरला ठरलेल्या साच्यात पाठवलेला कागद, मध्ये माणसाने पुन्हा टाइप करायचं नाही. उत्तर अमेरिकेत एक्स-१२ चालतं, ज्याची समिती १९७९ मध्ये बसली, बाकी जगात मोठ्या प्रमाणावर संयुक्त राष्ट्रांचं एडिफॅक्ट, ते १९८७ चं. म्हणजे जुनं आहेच, पण जुनं आहे म्हणून बंद पडलंय असं अजिबात नाही, मोठ्या शिपिंग लाइन आणि मोठे रिटेलर आजही यावरच चालतात.

एक्स-१२ मध्ये प्रत्येक कागदाला नंबर आहे. ८५० म्हणजे पर्चेस ऑर्डर, ८५६ म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, ८१० इन्व्हॉइस. गाडीवाल्यांचे वेगळे, २०४ म्हणजे "हा लोड घेणार का", ९९० म्हणजे "घेतो" किंवा "नाही घेत", आणि २१४ म्हणजे गाडीची स्थिती. या २१४ मध्ये छोटे छोटे कोड असतात. एक्स-३ म्हणजे गाडी लोडिंगच्या जागी पोचली, एएफ म्हणजे तिथून निघाली, एक्स-१ म्हणजे उतरवायच्या जागी पोचली, डी-१ म्हणजे माल उतरवून झाला. आता बघा, एक्स-१ आणि डी-१ यांच्यामधला जो वेळ आहे ना, त्याच्यावरून सगळी भांडणं. गाडी सकाळी गेटवर लागली, माल संध्याकाळी उतरला, गाडीवाला म्हणतो मला थांबवून ठेवल्याचे पैसे द्या, घेणारा म्हणतो गाडीच उशिरा आली. दोन्ही कोड वेळच्या वेळी आणि खरे पडले असतील तर हे भांडण मिनिटभरात मिटतं. पण होतं काय, ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसमधला पोरगा रात्री बसून दोन्ही कोड एकदमच टाकतो, कारण ग्राहकाच्या रिपोर्टमध्ये रकाना रिकामा दिसला तर दंड लागतो. रकाना भरला, आत मात्र काहीच नाही.

मग एपीआय आलं की ईडीआय काढून टाकायचं का?

दोन्ही राहू द्या. एपीआय म्हणजे एका सिस्टीमने दुसरीला थेट प्रश्न विचारून लगेच उत्तर घ्यायची सोय. ईडीआय बहुतेक ठिकाणी ढिगाने जातं, तासाला एकदा किंवा रात्री एकदा, आणि ऑर्डर, इन्व्हॉइस अशा ठरलेल्या कागदांना ते पुरेसं आहे. एपीआयचा उपयोग "आत्ता सांग" अशा प्रश्नाला, म्हणजे आत्ताचा रेट काय, गाडी आत्ता कुठंय, उद्याचा डॉक स्लॉट मोकळा आहे का. एपीआयची अडचण अशी की प्रत्येकाचं वेगळं असतं, ईडीआयमध्ये निदान साचा तरी सारखा आहे (तिथंही प्रत्येक मोठा ग्राहक स्वतःचे चार जास्तीचे नियम घालतोच, ते सोडा).

एकाच मालाला इतके नंबर का? एकच नंबर का नाही चालत?

चालला असता तर किती बरं झालं असतं. पण ऑर्डर नंबर खरेदीदाराचा, बुकिंग नंबर शिपिंग लाइनचा, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची लाइनची पावती, तिचा नंबर वेगळा, कंटेनर नंबर वेगळा, आणि एका ऑर्डरचा माल तीन डब्यांत किंवा तीन ऑर्डरींचा माल एका डब्यात असतो, त्यामुळे एकास एक असं जुळत नाही. प्रोव्हायडरच्या सिस्टीमचं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे ही नात्यांची वही नीट ठेवणं, कुठला नंबर कुणाचा कोण.

जिथे जगाने एकमत केलंय तिथे मात्र काम झकास चालतं. बारकोड बघा, २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावात एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं, आणि आज पॅलेटवर, म्हणजे ज्या चौकटीवर खोकी रचून उचलतात तिच्यावर, जे लेबल लागतं त्यात एसएससीसी नावाचा १८ अंकी नंबर असतो, तो त्या पॅलेटचा स्वतःचा नंबर, पाठवणाऱ्याने लावला की घेणारा तोच स्कॅन करतो, पुन्हा लेबल मारायची गरज नाही.

कंटेनरचा नंबर तर मला फार आवडतो. चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी एक तपासणीचा अंक. समजा सीएसक्यूयू ३०५४३८ आणि शेवटी ३. अक्षरांना ठरलेल्या किमती आहेत, सी म्हणजे १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. मग पहिल्या जागेला १ ने, दुसऱ्या जागेला २ ने, तिसरीला ४ ने असं दुप्पट दुप्पट करत दहाव्या जागेला ५१२ ने गुणायचं आणि बेरीज करायची. इथे बेरीज येते ६१८५, तिला ११ ने भागलं की बाकी ३, आणि तोच शेवटचा अंक. आता गेटवरच्या माणसाने घाईत ५४ च्या जागी ४५ टाइप केलं तर बेरीज होते ६२४९, बाकी येते १, शेवटचा अंक जुळत नाही आणि सिस्टीम तिथेच अडवते. नेटवर्क नको, डेटाबेस नको, नंबर स्वतःच सांगतो की मी चुकीचा लिहिलाय. पण हे फक्त तुमच्या सिस्टीमने ही तपासणी चालू ठेवली असेल तर. एक्सेलमध्ये तो नंबर साधा मजकूर म्हणून फिरत असेल तर चुकीचा डबा तसाच पुढे तीन कंपन्यांच्या रेकॉर्डमध्ये जाऊन बसतो.

गाडी मॅपवर दिसते, मग आता ट्रॅकिंगचा प्रश्न मिटला ना?

मॅपवरचा ठिपका बघून घेणाऱ्याला काय करायचंय? त्याला विचारायचं असतं की गाडी किती वाजता लागेल, म्हणजे तेवढी माणसं आणि एक डॉक मोकळा ठेवतो. ठिपक्यावरून ईटीए, म्हणजे पोचायची अंदाजे वेळ, काढायचा तर रस्ता, ट्रॅफिक, ड्रायव्हरची सक्तीची विश्रांती, मधला थांबा, पलीकडच्या गेटची रांग, हे सगळं धरायला लागतं. त्यामुळे चांगल्या सिस्टीम दर मिनिटाचं लोकेशन दाखवण्यापेक्षा घटना पकडतात. गोडाऊनभोवती मॅपवर एक कुंपण आखायचं, ज्याला जिओफेन्स म्हणतात, गाडी त्याच्या आत शिरली की "पोचली" आपोआप पडतं. कुंपण कुठे आखलंय यावर मात्र लक्ष ठेवा. काही ठिकाणी ते इतकं मोठं असतं की गाडी बाहेरच्या हायवेवरून नुसती गेली तरी "पोचली" पडतं.

समुद्रात वेगळंच. आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या ३०० ग्रॉस टन आणि वरच्या जहाजांना एआयएस नावाचं यंत्र बसवावंच लागतं, ते चालताना दर काही सेकंदाला आपली जागा आणि वेग रेडिओवरून सांगत राहतं, किनाऱ्यापासून लांब गेलं की सॅटेलाइटवरून पकडतात. त्यामुळे जहाज कुठंय ते कुणालाही दिसतं. पण जहाज दिसलं म्हणजे तुमचा डबा त्यात आहे असं कुठंय? जागा जास्त बुक झाली की लाइन काही डबे पुढच्या जहाजावर ढकलते, आणि ट्रान्सशिपमेंटच्या बंदरात तर डबा उतरून दुसऱ्या जहाजाची वाट बघत पडलेला असतो. अशा वेळी ग्राहकाच्या स्क्रीनवर जहाज मजेत चाललेलं असतं आणि माल मागेच. म्हणून जहाजाच्या लोकेशनला टर्मिनलच्या लोडिंगच्या नोंदीची जोड पाहिजेच.

वेळेचाही एक छोटा काटा आहे. एक सिस्टीम स्थानिक वेळ लिहिते, दुसरी यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ, तिसरी सर्व्हर ज्या देशात आहे तिथली. मग माल निघायच्या आधीच पोचलेला दिसतो. हसू येतं, पण दंडाचा हिशोब याच वेळांवर होतो.

मागणीची माहिती लॉजिस्टिक्सवाल्याला कशाला पाहिजे? तो तर फक्त वाहतूक करतो.

कारण मागणीच्या लाटेचा शेवटचा फटका त्यालाच बसतो. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. एमआयटीमधल्या जे फॉरेस्टर यांनी हे वागणं १९६१ मध्ये मांडलं, आणि १९९७ मध्ये हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कारणं नीट वेगळी करून दाखवली. कल्पनेने समजून घ्यायचं तर असं, दुकानात आठवड्याला १०० नग खपतात, एका आठवड्यात ११० खपले. दुकानदार म्हणतो मागणी वाढली, थोडा साठाही वाढवू, तो मागवतो १२०. डिस्ट्रिब्यूटरला दिसतात १२०, तो मागवतो १४०. फॅक्टरीला दिसतात १४०, ती बनवते १८०. गिऱ्हाइकाने दहा नग जास्त घेतले आणि मागे फॅक्टरीत ऐंशीची लाट उठली. दोन आठवड्यांनी सगळ्यांची गोडाऊनं भरलेली आणि ऑर्डरी बंद. प्रोव्हायडरला पहिल्यांदा आयत्या वेळी जास्तीच्या गाड्या बाहेरून महाग रेटने उचलाव्या लागतात, आणि नंतर त्याच गाड्या रिकाम्या उभ्या.

इलाज काय, तर मधल्या प्रत्येकाला फक्त पुढच्याची ऑर्डर न दिसता शेवटच्या काउंटरवरची विक्री दिसली पाहिजे. इथे आयटी खरोखर पैसे वाचवते. आणि प्रोव्हायडर इथे मोक्याच्या जागी असतो, कारण डिस्ट्रिब्यूटरच्या गोडाऊनमधून प्रत्यक्ष माल किती बाहेर पडतोय ते त्याच्या डब्ल्यूएमएसमध्ये रोज दिसतं, कधी कधी मालकाच्याही आधी. ज्यांनी ही माहिती नुसती साठवली त्यांना काही मिळालं नाही. आठवड्याचा आउटवर्डचा आकडा फॅक्टरीच्या प्लॅनरला आपणहून पाठवणारा प्रोव्हायडर मात्र पुढच्या कराराच्या वेळी रेटवर घासाघीस कमी सोसतो असं माझं निरीक्षण आहे.

रूट ऑप्टिमायझेशन खरंच लागतं का? आमच्या डिस्पॅचरला सगळे रस्ते पाठ आहेत.

रस्ते पाठ असणं आणि क्रम लावणं वेगळं. एका गाडीला १० ठिकाणी माल टाकायचा असेल तर क्रम लावायचे प्रकार होतात ३६ लाख २८ हजार ८००. २० ठिकाणं केली तर साधारण २४ वर १७ शून्यं. माणूस यातले चार-पाच बघतो आणि अनुभवाने बरा निवडतो. कॉम्प्युटरही सगळे बघत नाही, तोही हुशारीने वाईट पर्याय गाळत जातो, पण पाच गाड्या, दोनशे ठिकाणं, प्रत्येकाची घ्यायची ठरलेली वेळ, गाडीची कपॅसिटी, ड्रायव्हरचे तास हे सगळं एकदम धरून बघतो. हा प्रश्न गणितात आणला डँट्झिग आणि रॅम्सर यांनी १९५९ मध्ये, पेट्रोलच्या टँकर गाड्यांच्या डिस्पॅचसाठी.

आता डिस्पॅचरची बाजू. सॉफ्टवेअरला हे माहीत नसतं की त्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही, किंवा अमुक ठिकाणचा स्टोअरकीपर जेवणाच्या सुट्टीत गेट उघडत नाही. हे सगळं डिस्पॅचरच्या डोक्यात असतं. ते सिस्टीममध्ये नियम म्हणून उतरवून घेतलं तरच प्लॅन चालतो, नाहीतर पहिल्या आठवड्यातच ड्रायव्हर कागद बाजूला ठेवून आपल्या मर्जीने जायला लागतात आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर फालतू आहे. त्यामुळे डिस्पॅचरला बाजूला सारून हे कधीच लावू नका, त्यालाच त्याचा मालक करा.

माल येण्याआधीच एएसएन पाठवायचा आग्रह का धरतात?

एएसएन म्हणजे वर सांगितलेलं ८५६, माल निघाल्याची आगाऊ सूचना. तो नसेल तर गेटवर काय होतं बघा. गाडी लागते, ड्रायव्हर कागद देतो, क्लार्क एकेक ओळ टाइप करतो, पॅलेट उघडून खोकी मोजतात, जुळलं नाही की फोन, मग पुन्हा मोजणी, तोवर मागे रांग. एएसएन आधी आला असेल तर पॅलेटवरचा एसएससीसी स्कॅन केला की आत काय आहे ते सिस्टीमला ठाऊक असतं, फरक असेल तेवढाच उघडून बघायचा. क्रॉस-डॉकमध्ये तर याशिवाय धंदाच होत नाही, कारण तिथे माल रॅकवर ठेवतच नाहीत, एका दारातून आत आणि दुसऱ्या दारातून दुसऱ्या गाडीत, कुठल्या पॅलेटने कुठल्या दाराला जायचं ते गाडी पोचायच्या आत ठरलेलं लागतं.

फक्त एएसएन गाडी भरून झाल्यावर, प्रत्यक्ष स्कॅनवरून निघाला पाहिजे. ऑर्डरची नुसती कॉपी मारून एएसएन पाठवणारे लोक असतात. त्यापेक्षा न पाठवलेला बरा.

कंट्रोल टॉवर म्हणजे मोठी स्क्रीन लावलेली खोली का?

विकताना तसंच दाखवतात. कामाचा कंट्रोल टॉवर तो, जो नीट चाललेल्या शिपमेंट दाखवतच नाही, फक्त बिघडलेल्या आणि बिघडणार असलेल्या दाखवतो, आणि त्यांच्यापुढे कोणी काय करायचं तेही. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, २३ ते २९ तारखेपर्यंत कालवा बंद. बातमी तर पाच मिनिटांत सगळ्यांना कळली. पण "आमचा कुठला माल त्या रांगेत आहे, त्यातला कुठला आठवड्याभरात संपणारे, आणि कुठला विमानाने मागवायचा" हे पहिल्याच दिवशी सांगू शकणाऱ्या कंपन्या म्हणजे ज्यांची बुकिंगची माहिती, जहाजाचं नाव आणि ऑर्डरमधला माल एकमेकांना जोडलेला होता. बाकीच्यांनी एक्सेल उघडून फोन लावले.

कागद कधी जाणार? अजून बिल ऑफ लेडिंग कुरियरने का फिरतं?

कारण बिल ऑफ लेडिंग नुसती पावती नाही, ज्याच्या हातात मूळ प्रत त्याचा मालावर हक्क. ईमेलच्या पीडीएफच्या हव्या तेवढ्या कॉपी निघतात, मग मूळ कोणती? म्हणून तांत्रिक उपाय असूनही कायदा अडायचा. संयुक्त राष्ट्रांच्या अनसिट्रालने २०१७ मध्ये यासाठी नमुना कायदा काढला, आणि इंग्लिश कायद्यावर जगातले खूप करार चालत असल्यामुळे ब्रिटनचा इलेक्ट्रॉनिक ट्रेड डॉक्युमेंट्स कायदा २० सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला हे मोठं पाऊल होतं. मोठ्या कंटेनर लाइननी डीसीएसए या त्यांच्या संघटनेमार्फत २०३० पर्यंत पूर्ण इलेक्ट्रॉनिक बिलावर जायचं जाहीर केलंय. पण लाइन तयार, कायदा तयार आणि खरेदीदाराची बँक तयार नाही, असं असेल तर कागदच निघतो.

डिलिव्हरीची पोच, म्हणजे पीओडी, त्यात मात्र थांबायचं काही कारण नाही. सही फोनवर, फोटो फोनवर, आणि बिल त्याच दिवशी. सहीचा कागद ऑफिसला परत येईपर्यंत बिल न काढणाऱ्या ट्रान्सपोर्टरचे पैसे विनाकारण अडकून राहतात.

ब्लॉकचेनचं पुढे काय झालं?

ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांची मिळून ठेवलेली, मागाहून गुपचूप बदलता न येणारी नोंदवही. मर्स्क ही मोठी शिपिंग लाइन आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये त्यावर ट्रेडलेन्स नावाचा प्लॅटफॉर्म आणला, बऱ्याच मोठ्या लाइन आणि बंदरं त्यात आलीही, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं, पुरेसं जागतिक सहकार्य मिळालं नाही हे कारण त्यांनीच दिलं. तंत्र चाललं नाही असं नाही. स्पर्धकाने बांधलेल्या घरात आपला डेटा ठेवायला बाकीचे किती मनापासून येणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता.

आणि एआय?

ईमेलमधून आणि पीडीएफमधून माहिती उचलून रकान्यात भरणं, ईटीएचा अंदाज, इन्व्हॉइसचा रेट कराराशी जुळतोय का ते बघणं, इथे चांगला उपयोग होतोय. पण ज्या कंपनीत "पोचली" कोड रात्री बसून टाकतात तिथे एआयला शिकायला तोच खोटा इतिहास मिळणार, मग त्याचा अंदाजही तसाच.

सगळं सिस्टीमवर टाकलं आणि सिस्टीमच बंद पडली तर?

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला आणि मर्स्कच्या सिस्टीम जगभर झोपल्या. टर्मिनलच्या गेटवर गाड्यांच्या रांगा, कारण कुठला डबा कुणाचा हेच दिसेना. लोकांनी व्हॉट्सॲपवर आणि खाजगी मेलवर बुकिंग घेतलं, कागदावर काम चालवलं. कंपनीच्या चेअरमननीच नंतर सांगितलं की ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी दहा दिवसांत नव्याने उभे केले. नुकसान कंपनीच्या अंदाजाने २५ ते ३० कोटी डॉलर. आणि पूर्ण नेटवर्कची ओळख ठेवणाऱ्या सर्व्हरची एक धड कॉपी फक्त घानामधल्या ऑफिसात उरली होती, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेलेली होती, असं नंतर छापून आलं. नशीब म्हणायचं आणखी काय.

यातून घ्यायचं ते असं की बॅकअप नेटवर्कपासून तोडून ठेवलेला पाहिजे, आणि पुढच्या दोन दिवसांच्या शिपमेंटची यादी, त्यात डबा नंबर, गाडी, संपर्काचा फोन, अशी रोज एकदा बाहेर काढून ठेवलेली पाहिजे. साधं काम आहे, पण सिस्टीम पडल्यावर ती यादी काढता येत नाही, हे लोकांच्या तेव्हाच लक्षात येतं.

ड्रायव्हर ॲप वापरत नाहीत, काय करायचं?

आधी त्याच्या फोनमध्ये बघा. चार ग्राहकांची चार ॲप, प्रत्येकात वेगळं लॉगिन, आणि प्रत्येक जण म्हणतो फक्त पाच बटणं आहेत. एकच ॲप ठेवा, आणि पुढे ग्राहकांना माहिती वाटायचं काम तुमची सिस्टीम करू दे. नेटवर्क नसलं तरी नोंद व्हायला पाहिजे आणि रेंज आली की ती आपोआप गेली पाहिजे, वेळ मात्र नोंद केली तेव्हाची धरायची. जिओफेन्सने जे आपोआप कळतं ते त्याला पुन्हा विचारू नका. आणि सगळ्यात मुख्य, त्यात त्याचा फायदा दिसू द्या. थांबवून ठेवल्याचे पैसे ॲपमधल्या वेळेवरून आपोआप मिळायला लागले की ड्रायव्हर स्वतःच गेटवर पोचल्या पोचल्या बटण दाबतो, ट्रेनिंग द्यावं लागत नाही.

आमची कंपनी छोटी आहे, सुरुवात कुठून करू?

सॉफ्टवेअर बघायच्या आधी यादी साफ करा. एकाच ग्राहकाची तीन नावं, एकाच गोडाऊनचे दोन पत्ते, पिनकोड चुकलेला, मालाचं वजन कधी किलोत कधी टनात. हे तसंच नव्या सिस्टीममध्ये ओतलं तर नवी सिस्टीम पहिल्या दिवसापासून जुनी. मग एक ग्राहक, एक रूट घ्या आणि फक्त चार घटना नीट पकडा, लोडिंगला पोचली, निघाली, उतरवायला पोचली, रिकामी झाली. या चार वेळा खऱ्या आणि त्याच क्षणाच्या मिळायला लागल्या की पुढचं ठरवा. काही महिने फोन कमी झाले का तेवढं बघा, "गाडी कुठंय" विचारणारे फोन कमी होत नसतील तर जे पकडताय ते ग्राहकापर्यंत पोचत नाहीये.

वेळेवर डिलिव्हरीचा आकडा आमचा ९५ टक्के येतो आणि ग्राहकाचा ८०, कोण खोटं बोलतंय?

बहुतेक वेळा कुणीच नाही. तुम्ही गाडी गेटवर पोचल्याची वेळ धरता, तो माल सिस्टीममध्ये जमा झाल्याची. तुम्ही बदललेली तारीख धरता, तो पहिल्या ऑर्डरवरची. तुम्ही दहापैकी नऊ खोकी पोचली तर नव्वद टक्के म्हणता, तो ओटीआयएफ मोजतो, म्हणजे पूर्ण आणि वेळेत, त्यात ती ऑर्डर शून्य. त्यामुळे करार करतानाच लिहून घ्या की घड्याळ कुठल्या घटनेला सुरू आणि कुठल्या घटनेला बंद, वेळ कुठल्या टाइमझोनची, तारीख बदलली तर कुठली धरायची, अर्धवट डिलिव्हरी कशी मोजायची, आणि दोघांच्या नोंदीत फरक आला तर कुणाची ग्राह्य. त्याच जोडीला आणखी एक ओळ घाला, करार संपला तर आपल्या शिपमेंटचा सगळा इतिहास वाचता येईल अशा फाइलमध्ये किती दिवसांत परत मिळणार. ही ओळ नसेल तर प्रोव्हायडर बदलताना जुना डेटा मागायला गेलात की सगळे अचानक मीटिंगमध्ये असतात.